पहिल्या चित्राची बाकी

चित्रकाराच्या चरित्राचं पहिलं प्रकरण बहुतेक वेळा आधीच लिहून ठेवलेलं असतं. मुलगा कोळशाने भिंती काळ्या करतो, वडील चिडतात, मग एखादे मास्तर नाहीतर एखादा साहेब त्या रेघोट्या पाहतो आणि सांगतो, याला मुंबईला पाठवा. पान उलटलं की जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा दरवाजा. चित्रकार बदलतो, गाव बदलतं, प्रकरण तेच राहतं. ते खोटं असतं असं नाही. पण त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. लहानपणी डोळ्यांसमोर आलेलं चित्र किंवा मूर्ती आणि त्याच माणसाने चाळिशी-पन्नाशीत रंगवलेला कॅनव्हास, या दोहोंच्या मध्ये नेमकं काय घडतं?

याचं घरगुती उत्तर सगळ्यांना पाठ आहे. लहानपणी चांगलं दाखवा, चांगले संस्कार होतील, नजर तयार होईल. म्हणून सुट्टीत मुलांना काळा घोड्याला न्यायचं, जहांगीर कलादालन दाखवायचं, वस्तुसंग्रहालयात फिरवायचं. नेऊ नये असं मी म्हणत नाही. पण चित्रकार असे घडतात हे मला पटत नाही. त्यांची आयुष्यं जरा बारकाईने पाहिली तर ध्यानात येतं, की ज्या गोष्टीने त्यांना पहिल्यांदा धरून ठेवलं ती पुष्कळदा चांगली नव्हती, मोठी नव्हती, आणि काही वेळा तर कलाही नव्हती. पहिल्या भेटीत त्यांच्या पदरात काहीतरी अर्धवट पडलं. पाहिलं पण उमगलं नाही, हवंसं वाटलं पण हाताला आलं नाही. ती बाकी त्यांच्या खात्यावर राहिली. पुढे कधीतरी भलतंच काही भेटलं, तेव्हा जुनी वही उघडली गेली आणि फेड सुरू झाली. बाकी राहणं आणि फेडीचा योग येणं, या दोन्ही गोष्टी लागतात. आपण बोलतो ते फक्त पहिलीबद्दल, आणि तेही तिला संस्कार असं गुळगुळीत नाव देऊन.

सय्यद हैदर रझा यांची हकीकत या बाबतीत सगळ्यांत प्रसिद्ध. जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगल खात्यात. नर्मदेच्या बाजूचं दाट रान, रात्रीची भीती, दिवसा बाजाराचे रंग. मुलगा चंचल, वर्गात लक्ष नाही. प्राथमिक शाळेतल्या नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. रझांनी ही आठवण स्वतः पुन्हा पुन्हा सांगितली आहे. १९८० च्या आसपास बिंदू त्यांच्या चित्रात मध्यभागी येऊन बसला तो शेवटपर्यंत हलला नाही. तेव्हापासून शाळेतल्या ठिपक्यापासून कॅनव्हासवरच्या बिंदूपर्यंत एक सरळ रेघ मारली जाते.

रेघ मारणाऱ्यांनी मधल्या पन्नासेक वर्षांचं काय केलं? रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे. जे. मध्ये. मुंबईत त्यांनी एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी केली आणि रस्त्यांची, गर्दीची, पावसाची जलरंगचित्रं काढली. त्यांत ठिपका नाही. १९४८ मध्ये काश्मिरात त्यांना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं चांगली आहेत पण त्यांत बांधणी नाही, सेझान पाहा, असं त्यांनी सुनावलं. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. तिथे घरं आली, काळे सूर्य आले, मग जाड रंगांत पेटलेली निसर्गचित्रं आली. १९५६ मध्ये पॅरिसच्या समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. पुढे कॅलिफोर्नियात शिकवायला गेले तेव्हा रॉथ्को आणि त्याच्या पिढीची चित्रं समोर आली. एवढं सगळं होईपर्यंत गुरुजींचा ठिपका कुठेच नव्हता.

मला वाटतं, तो येऊच शकला नसता. ठिपक्याला चित्राच्या मध्यभागी बसवायचं तर त्याच्या भोवतीची जागा उभी राहिली पाहिजे. त्रिकोण, चौकट, आडव्या पट्ट्या, रंगांचं वजन, हे सगळं अंगात मुरलेलं पाहिजे. ते मुरलं सेझानच्या अभ्यासातून आणि पॅरिसमधल्या वर्षांतून. बांधणी शिकून झाली, नावलौकिक मिळाला, आणि मग हा माणूस स्वतःला विचारू लागला की यात माझं काय आहे. भारतात फेऱ्या वाढल्या. त्या टप्प्यावर मंडल्यातला ठिपका उपयोगाला आला. कार्तिए-ब्रेसाँ भेटले नसते तर झारिया गुरुजी रझांच्या आठवणीत एक प्रेमळ मास्तर म्हणून राहिले असते, चित्रात शिरले नसते.

आणि गुरुजींनी कला दाखवली नव्हती, हेही विसरू नये. चंचल पोराला जागेवर बसवण्याची ती युक्ती होती. ठिपक्यात पाहण्यासारखं काही नसतं आणि तरी पाहत राहायचं असतं. हा अनुभव त्या वयाला अपचनीय. अपचनीय होता म्हणूनच तो शिल्लक राहिला असावा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. चित्रकार आपलं बालपण उलट्या बाजूने लिहितात. बिंदू रंगवून झाल्यावर ठिपका आठवतो. रझांनी आयुष्यभर झाडं रंगवली असती तर त्यांना मंडल्याचं रान आठवलं असतं आणि आपण त्या रानाला उगम म्हटलं असतं. शिवाय त्या शाळेत इतर मुलंही असतील. त्यांनीही कधी भिंतीकडे, कधी फळ्याकडे टक लावली असेल. त्यांतून दुसरा रझा निघाला नाही.

हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. पहिल्या भेटीला कारण म्हणणं चूक आहे. महाराष्ट्रात शतकभर घरोघरी लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी होत्या आणि चित्रकार हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच झाले. पहिली भेट कच्चा माल असते. पण चित्रकार कुठल्याही कच्च्या मालातून काहीही निवडू शकतो, असंही नाही. रझांना आठवणींच्या ढिगातून रान, नदी, बाजार, आदिवासींचे नाच, सगळं उपलब्ध होतं. त्यांनी उचलली ती सगळ्यांत रिकामी गोष्ट. निवड नंतरची असली तरी निवडण्याजोगं काहीतरी आधी पडून असावं लागतं, आणि ते पडलेलं फार नीटनेटकं, समजावून दिलेलं असेल तर निवडायला त्यात काही उरत नाही.

दुसऱ्या भेटीचं महत्त्व ज्याला पटत नाही त्याने अजिंठ्याची गोष्ट पाहावी. जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुढे तेराएक वर्षं, मध्ये खंड पडत, अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांत ओल, अंधार, वटवाघळं. मुलांनी तिथे महिनोन्‌महिने बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रती केल्या. प्रती लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्सनी दोन खंडांचा ग्रंथ काढला. ऐन शिकण्याच्या वयात अजिंठ्याच्या इतकं जवळ, इतका काळ राहिलेली दुसरी पिढी आपल्याकडे नाही. संस्कारवाल्यांचं म्हणणं खरं असतं तर मुंबईच्या चित्रकलेत अजिंठा तेव्हाच उगवायला हवा होता.

तसं झालं नाही. त्या मुलांपैकी पेस्तनजी बोमनजी यांचं नाव पुढे आलं, ते व्यक्तिचित्रांमुळे आणि पारशी घरांतल्या प्रसंगचित्रांमुळे. पोपटाला खाऊ घालणाऱ्या मुलीचं त्यांचं चित्र पाहिलं तर प्रकाश, कापडाचा पोत, खोलीतली हवा, सगळं युरोपीय वास्तववादाचं आहे. उत्तम आहे. अजिंठ्याची रेषा मात्र त्यात नाही. मनगटाने ती रेषा वर्षानुवर्षं गिरवली आणि तरी ती चित्रात आली नाही.

आता १९३६ च्या अखेरीस निघालेली अमृता शेरगिल पाहा. वय तेवीस, पॅरिसच्या एकोल दे बोझारमधून शिकून आलेली. मुंबईत प्रदर्शन करून ती अजिंठा-वेरूळला गेली आणि तिथून दक्षिणेत. लेण्यांत ती रमली ती ग्रिफिथ्सच्या मुलांच्या मानाने अगदी थोडे दिवस. १९३७ मध्ये वधूचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले दाक्षिणात्य खेडूत अशी तीन मोठी चित्रं आली. त्यांतल्या माणसांची ठेवण, गडद पार्श्वभूमीवर उजळणारे तपकिरी देह, एकमेकांजवळ असून आपापल्यात असलेल्या आकृती, हे अजिंठ्याशिवाय झालं नसतं.

फरक कशाचा? प्रतिभेचा आहेच, तो सोडून देऊ. पेस्तनजींच्या पिढीला अजिंठा मिळाला तो कामगिरी म्हणून. काय पाहायचं, कशासाठी पाहायचं, प्रत कुठे जाणार, हे ठरलेलं होतं. त्या वेळच्या शिक्षणात हिंदी चित्राची जागा नक्षीच्या नमुन्यांत होती आणि खरं चित्र म्हणजे युरोपीय चित्र. खात्यावर बाकी राहायला वावच नव्हता. अमृता आली ती पॅरिसमध्ये अडकून आली होती. गोगँ आणि सेझान तिने पचवले होते, हिंदुस्थानातली माणसं रंगवायची होती आणि अकादमीत शिकलेली पद्धत त्या माणसांना पुरत नव्हती. तिला अजिंठ्यात उत्तर सापडलं, कारण ती प्रश्न घेऊन गेली होती. इथे पहिली भेट पॅरिसशी आणि दुसरी स्वदेशाशी आहे. क्रम उलटा असला तरी हिशेब तोच.

पहिल्या भेटीचा आणखी एक प्रकार आहे आणि माझ्या मते तोच अधिक खोल जातो. पुरं झालेलं चित्र पाहणं आणि चित्र होताना पाहणं यांत मोठा फरक आहे. घरातली तसबीर मुलाला देवासारखीच स्वयंभू वाटते. ती कोणीतरी काढली आहे, कुठे छापली आहे, हे त्याच्या मनात येत नाही. पेणच्या आसपासच्या गावांतलं मूल मात्र श्रावण लागायच्या आधीपासून पाहत असतं. शाडू मळली जाते, साच्यातून निघालेला बिनडोळ्यांचा गणपती ओळीने वाळत ठेवला जातो, शेवटी कारागीर डोळ्यांची आखणी करायला बसतो आणि तेव्हा बाकीचे गप्प होतात. देवसुद्धा माणूस करतो, आणि डोळे चुकले तर देव बिघडतो. हे ज्याने पाचव्या-सहाव्या वर्षी पाहिलं त्याला हात या अवयवाबद्दल वेगळाच आदर बसतो.

अलिबागजवळच्या सासवन्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर याच किनाऱ्यावरचे. जन्म १८९१. त्यांनी लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी ते पाहिले आणि मुलाची जे. जे. त सोय केली, अशी हकीकत सांगितली जाते. म्हणजे अगदी वर सांगितलेलं ठरावीक पहिलं प्रकरण. पण त्या प्रकरणात सगळे साहेबाकडे बघतात. मी घोड्याकडे बघतो. अश्वारूढ पुतळा त्या मुलाने कधी पाहिला असण्याचा संभव कमी. भिंतीवरच्या आकृतीला एकच बाजू असते, पलीकडचा घोडा भिंतीतच राहतो. करमरकर जे. जे. त शिकले, कलकत्त्याला राहिले, लंडनला जाऊन आले, आणि १९२८ मध्ये पुण्यात त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला, एकसंध ओतलेला, घोड्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत ताण धरलेला. सासवन्याच्या भिंतीवर राहिलेली दुसरी बाजू त्यांनी या पुतळ्यात फेडली असं मी म्हटलं तर ते माझं वाचन आहे, पुरावा नाही. पण सासवन्याला त्यांच्या घरातलं संग्रहालय पाहिलं, आणि तिथली नुसत्या सिमेंटमध्ये घडवलेली कोळी माणसं आणि गुरं पाहिली, की हा माणूस लंडनहून परत नेमका कुठे आला हे कळतं.

काम होताना पाहण्याचं हेच कोल्हापूरबद्दलही सांगता येईल, जरा विस्ताराने. तिथे आबालाल रहिमान होते. जे. जे. त शिकून परतलेले, पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेले, कोटीतीर्थाच्या काठी बसून निसर्गचित्रं काढणारे. त्यांना चित्र काढताना पाहता येत असे, कारण ते उघड्यावर काढत. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. कलाशाळेत दोघांपैकी कोणी गेलं नव्हतं. जमिनीवर पसरलेल्या कापडावर राजवाडा, रस्ता, जंगल उभं राहताना बघणारी आणि रंगाचे डबे उचलून देणारी पोरं त्यांच्याभोवती जमली. दामले आणि फत्तेलाल त्याच हाताखालून गेले. १९१६ मध्ये आनंदराव वारले आणि त्यांनी बनवायला घेतलेला, अर्धवट राहिलेला चित्रपटाचा कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी आली, मग दामले-फत्तेलाल आणि शांताराम बाहेर पडून प्रभात आली, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’. त्यातलं देहू गाव, घराचा ओटा, इंद्रायणीचा काठ ज्या नजरेने रचला आहे, ती पडदा रंगवणाऱ्याची नजर आहे. कोल्हापुरात तेव्हा कोणतंही मोठं कलासंग्रहालय नव्हतं. रेम्ब्रां कोणी पाहिलेला नव्हता. होतं ते काम, आणि ते दार लावून चालत नव्हतं.

आता तसबिरींकडे येतो, कारण तिथे सुशिक्षितांची नाकं हमखास मुरडतात. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे. तिथून निघालेल्या देवांनी आणि त्यांच्या नकलांच्या नकलांनी, कॅलेंडरांनी, अगरबत्तीच्या पुड्यांनी मराठी-गुजराती घरांच्या भिंती भरल्या. अभिरुचीच्या दृष्टीने हा सगळा माल हिणकसच ठरवला गेला. पण त्याचा एक गुण कोणी मोजत नाही. एकच चित्र एकाच खिळ्यावर वीस वर्षं असे. तापात पडल्या पडल्या दिसे, दिव्याच्या उजेडात वेगळं दिसे, आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं असताना मागे तेच दिसे. त्याबद्दल कोणी काही समजावून सांगत नसे. चित्राशी इतका दीर्घ आणि इतका मुका सहवास कोणत्याही संग्रहालयात मिळत नाही.

भूपेन खख्खर मुंबईच्या खेतवाडीत या सहवासात वाढले. व्यवसायाने हिशेबनीस. १९६२ मध्ये बडोद्याला गेले. तिथे त्यांना पॉप आर्टची ओळख झाली, म्हणजे पलीकडच्या देशांत लोक डब्यांची लेबलं आणि जाहिराती चित्रात आणत आहेत हे कळलं. १९६५ च्या सुमारास त्यांनी बाजारातल्या देवांच्या तसबिरी कापून चित्रांत चिकटवायला सुरुवात केली. अमेरिकन पॉपमध्ये थंडपणा आहे, वस्तू विकत घेणाऱ्याचा. खख्खरांकडे आला तो खेतवाडीचा ओलावा, थोडा विनोद, थोडी लाज. पुढे कोलाज गेलं, पण शिंपी, घड्याळजी, न्हावी यांची चित्रं करताना रंग त्याच तसबिरींचे राहिले, ते गुलाबी आणि ते हिरवे, ज्यांना शिकलेला माणूस भडक म्हणतो. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. पॉपने परवानगी दिली, भांडवल चाळीतलं होतं.

एकाच दालनातून दोघे वेगवेगळी फेड घेऊन बाहेर पडल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. लंडनच्या रॉयल अकादमीत भरलेल्या हिंदी कलेच्या प्रदर्शनातल्या वस्तू १९४८ मध्ये दिल्लीत गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडल्या गेल्या. ते पाहायला मुंबईहून हुसेन आणि सूझा हे दोघे चित्रकार गेले. नुकताच मुंबईच्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप झाला होता. मथुरेची शिल्पं, गुप्त काळातले देह, बसोलीची लघुचित्रं, सगळं एका छपराखाली.

हुसेन पंढरपुरात जन्मलेले, इंदुरात वाढलेले, आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलेले. होर्डिंग रंगवणाऱ्याला रस्त्यापलीकडून दिसेल अशी रेषा लागते. नाक, भुवई, खांदा एका फटकाऱ्यात बसले पाहिजेत, कारण परांचीवर चढून-उतरून खोडत बसायला वेळ नसतो. तंत्र हातात होतं, पण ते सिनेमाचं, म्हणजे कमी प्रतीचं समजलं जाणारं. दिल्लीत त्यांनी गुप्त शिल्पांची मोजक्या वळणांत बांधलेली अंगलट पाहिली, बसोलीचे सपाट, ओरडणारे रंग पाहिले, आणि होर्डिंगच्या रेषेला घराणं मिळालं. १९५५ मधलं ‘जमीन’ हे लांबलचक चित्र त्या दोहोंचं आहे. लहानपणीच आई गेलेल्या हुसेनांच्या चित्रांत पुढे चेहरा नसलेल्या आया का येतात याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्यात पडत नाही.

सूझांची बाकी वेगळी होती. गोव्यातलं साळगाव, लहानपणी देवी, मुलगा वाचावा म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला केलेला नवस, आणि चर्च. चर्च म्हणजे त्या मुलाला ठाऊक असलेलं एकमेव मोठं कलादालन. रक्ताळलेला ख्रिस्त, जरीच्या झग्यातला पाद्री, मेणबत्त्या, पाप, भीती. भक्ती आणि धाक एकाच वेदीवर. दिल्लीहून त्यांनी घेतली ती देवळांवरच्या शिल्पांची निःसंकोच शरीरं. गोव्याच्या चर्चने जे झाकायला शिकवलं होतं ते दुसऱ्या एका धर्माने दगडात उघड करून ठेवलेलं. तरी पुरी फेड व्हायला युरोप लागला. १९४९ मध्ये ते लंडनला गेले, रूओच्या जाड काळ्या रेषा पाहिल्या, स्पेनमधली रोमनेस्क चित्रं पाहिली, आणि साळगावचा ख्रिस्त दातओठ खात परत आला. टेटमध्ये असलेलं १९५९ चं क्रूसारोहण पाहताना करुणा वाटत नाही, दचकायला होतं. लहान मुलाला चर्चमध्ये वाटलं असेल तसं.

दुसरी भेट जमवून आणणारी ठिकाणंही असतात. चाळिसच्या दशकातल्या मुंबईत नाझींपासून निसटून आलेले तिघे होते. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. मुंबईच्या तरुण चित्रकारांना त्यांच्या घरी युरोपीय आधुनिकांच्या छापील प्रतिकृती पाहायला मिळत, त्यांवर वाद घालता येई. छापील, लहान, रंग थोडे चुकलेले. गरजू माणसाला तेवढं पुरतं.

यावरून ‘लहानपणी’ या शब्दाकडे पुन्हा पाहायला हरकत नाही. सुधीर पटवर्धन पुण्यात वैद्यकशास्त्र शिकले, १९७३ मध्ये मुंबईला आले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षं काम केलं. कलाशाळा नाही. सेझान, लेजे हे त्यांना पुस्तकांतून भेटले. पण ज्या वयात त्यांनी ब्रश गंभीरपणे धरला त्या वयात माणसाचं शरीर त्यांच्यासमोर आधी रोग्याचं, हाडांचं, सावलीचं म्हणून आलं होतं. १९७७ च्या ‘इराणी रेस्टॉरंट’मधला माणूस खुर्चीत बसलेला नाही, खुर्चीत वजनासकट ठेवलेला आहे. त्यांच्या बाबतीत पहिली भेट शवविच्छेदनाच्या टेबलाशी झाली म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही.

मग शाळेचं काय? महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा आहेत, कला संचालनालय त्या घेतं, आणि लाखो मराठी माणसांचा चित्रकलेशी औपचारिक संबंध तेवढाच आलेला असतो. त्यांतला स्मरणचित्र हा विषय मला फार हुशारीचा वाटतो. पाहिलेलं आठवून काढायचं. प्रत्यक्षात मात्र शिकवणीत भाजीवाली, बसथांबा, जत्रा अशी चार-सहा तयार चित्रं घोटून घेतली जातात आणि परीक्षेत विषय कोणताही येवो, त्यांतलंच एखादं वळवून बसवलं जातं. आठवण वापरण्याआधीच ती भरून टाकलेली असते. यात मास्तरांचा दोष थोडा, कारण पालकांना श्रेणी हवी असते. पण ग्रिफिथ्सच्या मुलांना अजिंठ्यात जे झालं तेच इथे छोट्या प्रमाणात होतं. पाहण्याआधी पाहण्याचं उत्तर मिळतं.

मोबाइलवरच्या चित्रांच्या पुराबद्दल मी रडगाणं गाणार नाही. त्यातलं बरंचसं हिणकस आहे ही तक्रार तर मुळीच नाही, हिणकसातून खख्खर निघतात हे वर आलंच आहे. माझी अडचण वेगळी आहे. त्यातलं कोणतंही चित्र वीस वर्षं एका खिळ्यावर राहत नाही, आणि प्रत्येक चित्राबरोबर त्याचं नाव, किंमत, अर्थ आणि आवडल्याची खूण एकदमच येते. उलट बाजूने पाहिलं तर याच मोबाइलवर मूल चित्र होताना पाहू शकतं, पहिल्या रेघेपासून. कोल्हापूरच्या पोरांना मेस्त्रींच्या अंगणात जावं लागे. हा फायदा मी कमी समजत नाही, फक्त त्या पोरांना रंगाचा डबा उचलून द्यावा लागे, हे पडद्यावर होत नाही.

या सगळ्या मांडणीला एक माणूस दाद देत नाही, तो म्हणजे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर, घराणं गोव्याचं, बालपण गिरगावातल्या चाळीत. गिरगावात गणपती होते, तसबिरी होत्या, नाटकाच्या जाहिराती होत्या. १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका. तिथे जगन्नाथ अहिवासींच्या वर्गात लघुचित्रांचा अभ्यास केला, मग पॉल क्लेचा शोध लागला. आणि मग त्यांनी लघुचित्रांतून माणसं काढून टाकून नुसती रंगांची प्रमाणं पाहायला सुरुवात केली, असं त्यांनीच सांगितलं आहे. पुढे आकृती गेली, क्लेची बारीक रेषाही गेली. रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवलेले, मध्येच पुसलेले ते कॅनव्हास १९६० नंतर येत राहिले, वर्षाला अगदी मोजके. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हाही त्यांच्यात गिरगाव शोधणारे निघाले, समुद्र शोधणारे निघाले. गायतोंडे हयात असताना अशा प्रश्नांना बहुधा उत्तरच देत नसत. त्यांच्या बाबतीत लहानपण कुठे असेलच तर ते चित्रातून जे काढून टाकलं त्या यादीत असणार, आणि ती यादी त्यांनी कुणाकडे ठेवलेली नाही.